मोबाइलमधील फोटोंची साठवण : साधन कोणते निवडावे?

शेतीच्या नोंदी पूर्वी वहीत किंवा फार तर कॅलेंडरच्या पाठीमागे असत. आता त्यांतील बऱ्याचशा नोंदी फोटोच्या रूपाने मोबाइलमध्ये असतात. डाळिंबाच्या फळावर तेल्याचा पहिला डाग कधी दिसला, छाटणीनंतर द्राक्षवेलीवर कोणत्या दिवशी किती फूट होती, विहिरीचे पाणी मार्चअखेर कोणत्या पायरीपर्यंत उतरले, बियाण्याच्या पिशवीवरील लॉट नंबर काय होता, हे सर्व आपण फोटो काढून ठेवतो. त्याच मोबाइलमध्ये आजोबांच्या वेळच्या वाटणीपत्राचा फोटो असतो आणि मुलीच्या लग्नाचेही फोटो असतात. आणि हा मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून आपण फवारणी करतो, विहिरीत वाकून पाहतो, ट्रॅक्टर चालवतो.

मोबाइल कालव्यात पडला तर नवा घेता येतो. परंतु गारपीट होऊन गेल्यावर तासाभरात काढलेला बागेचा फोटो पुन्हा काढता येत नाही. गारा वितळतात, दोन दिवसांत पाने सुकतात आणि चौथ्या दिवशी मजूर लावून बाग साफ करावीच लागते. पंचनाम्याच्या वेळी दाखवायला मग काही उरत नाही. बियाणे उगवले नाही अशी तक्रार करताना पावती, पिशवी व टॅग लागतात. पावतीवरील शाई वर्षभरात उडते, म्हणून आपण तिचा फोटो काढतो आणि तो फोटो एकाच ठिकाणी ठेवतो. बियाणे मात्र कोणीही जाणता शेतकरी सगळे एकाच कणगीत ठेवत नाही.

या फोटोंची नक्कल ठेवण्यासाठी बाजारात अनेक साधने मिळतात. प्रत्येकाचे गुण आणि खोड वेगवेगळी आहे. ती समजून घेतली तर थोड्या खर्चात काम भागते.

नक्कल आणि हलवणे यांतील फरक

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलची जागा भरली की अनेकजण फोटो मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर हलवतात, मोबाइलमधील फोटो पुसतात आणि फोटो सुरक्षित झाले असे समजतात. वास्तविक ते आधी एका ठिकाणी होते, आताही एकाच ठिकाणी आहेत. फक्त जागा बदलली. तोच फोटो एका वेळी कमीत कमी दोन स्वतंत्र साधनांवर असेल तरच त्याला नक्कल म्हणावे. मोबाइल आणि त्याच मोबाइलमध्ये बसवलेले कार्ड ही दोन साधने धरू नयेत. मोबाइल चोरीला गेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते.

किती जागा लागेल?

साधन विकत घेण्यापूर्वी हा हिशोब करावा. सर्वसाधारण मोबाइलचा एक फोटो ३ ते ५ एम.बी. जागा घेतो. सरासरी ४ एम.बी. धरल्यास एक हजार फोटोंना ४ जी.बी. लागतात. म्हणजे ६४ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर चौदा-पंधरा हजार फोटो मावतात. ६४ जी.बी. लिहिलेल्या पेनड्राइव्हवर संगणक ५९ च्या आसपास जागा दाखवतो. यात फसवणूक नाही. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

खरी जागा खातो तो व्हिडिओ. मिनिटाला १०० ते १३० एम.बी. सहज लागतात. बैलपोळ्याचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ हजाराच्या आसपास फोटोंची जागा घेतो. म्हणून व्हिडिओ निवडून ठेवावेत. फोटो मात्र निवडत बसू नये. निवडण्याच्या कंटाळ्यापायी नक्कल करण्याचे कामच राहून जाते.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

ही दोन्ही साधने एकाच जातीची आहेत. त्यांत फिरणारा भाग नसतो. आतील अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि त्या भाराच्या कमी-अधिक प्रमाणावरून माहिती वाचली जाते. स्वस्त साधनांत एकेका कप्प्यात अधिक माहिती दाटीने भरलेली असते, त्यामुळे भार थोडा जरी कमी झाला तरी वाचण्यात चूक होते. हा भार फार सावकाश पण सतत गळत असतो. उष्णतेत तो लवकर गळतो. ज्या साधनावर पुष्कळ वेळा लिहिले-पुसले गेले आहे त्यात गळती अधिक असते. त्यामुळे पेनड्राइव्ह फोटो भरून दहा वर्षे कपाटात ठेवण्याचे साधन नव्हे. विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत तो ठेवू नये. भिंतीतील कपाट किंवा धान्याच्या कोठीच्या खोलीतील थंड कोपरा त्यापेक्षा बरा.

मात्र या साधनाचे गुणही मोठे आहेत. ते स्वस्त आहे, धक्क्याने सहसा बिघडत नाही आणि संगणकाशिवाय वापरता येते. एका बाजूला मोबाइलचे सी-टाइप टोक व दुसऱ्या बाजूला संगणकाचे टोक असलेला पेनड्राइव्ह घ्यावा. तो मोबाइलला लावून ‘फाइल्स’ या ॲपमधून डी.सी.आय.एम. नावाचा फोल्डर निवडून ‘कॉपी’ करावा. ‘मूव्ह’ करू नये. कॅमेऱ्याने काढलेले फोटो याच फोल्डरमध्ये असतात.

खरेदीत सर्वाधिक फसवणूक याच साधनात होते. आठवडे बाजारात किंवा मोबाइलवरील जाहिरातीत काही शे रुपयांत २ टी.बी.चा, म्हणजे सुमारे २००० जी.बी.चा पेनड्राइव्ह मिळतो. आत प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जी.बी.चीच चकती असते. मोठी जागा दाखवण्याची खोटी सूचना तिच्यात भरलेली असते. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यानंतर भरलेले फोटो एक तर जुन्या फोटोंवर लिहिले जातात किंवा नुसती नावे दिसतात आणि फोटो उघडत नाहीत. हे कळते तोपर्यंत मोबाइलमधील मूळ फोटो पुसलेले असतात. म्हणून नामांकित कंपनीचा पेनड्राइव्ह पावतीसह, ओळखीच्या दुकानातून घ्यावा. शंका असल्यास तो एकदा पूर्ण भरून सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे फोटो उघडून पाहावेत. विंडोज संगणकावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम हेच काम करून देतो.

दुसरी काळजी झेरॉक्सच्या दुकानाची. फोटोंचा पेनड्राइव्ह प्रिंट काढण्यासाठी दुकानातील किंवा सेवा केंद्रातील संगणकाला लावू नये. अशा संगणकावर दिवसभरात अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात आणि व्हायरसचा प्रसार, बागेत छाटणीच्या कात्रीने रोग पसरावा तसा, एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर होतो. फोल्डर दिसेनासे होतात. प्रिंटसाठी छोटा वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा.

मेमरी कार्डाबाबत एकच सूचना. नवे कार्ड मोबाइलमध्ये घातल्यावर काही मोबाइल ते ‘इंटर्नल’ म्हणून वापरायचे की ‘पोर्टेबल’ म्हणून, असे विचारतात. ‘पोर्टेबल’ निवडावे. ‘इंटर्नल’ निवडल्यास ते कार्ड त्या मोबाइलशी कुलूपबंद होते आणि मोबाइल बिघडल्यास कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही.

हार्ड डिस्क

ज्यांच्या घरी संगणक आहे आणि फोटो-व्हिडिओ पुष्कळ आहेत त्यांना बाहेरून जोडायची हार्ड डिस्क सर्वांत परवडते. १ टी.बी.च्या डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो मावतात. कुटुंबातील चार-पाच मोबाइलचे सर्व फोटो त्यात आयुष्यभर मावतील असे वाटते, पण डिस्कचे आयुष्य आपल्याएवढे नसते.

तिच्या आत चुंबकीय लेप दिलेली तबकडी असते. लहान डिस्कमध्ये ती सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि माहिती वाचणारी सुई तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असते. चालू असताना डिस्क टेबलावरून पडली तर सुई तबकडीवर आपटून ओरखडा पडतो आणि फोटो गेले असे समजावे. शहरात काही प्रयोगशाळा अशी डिस्क उघडून माहिती काढून देतात, पण त्याचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो आणि यशाची खात्री नसते. डेटा सेंटरमध्ये, म्हणजे वातानुकूलित खोलीत अखंड चालणाऱ्या हजारो डिस्कवर नजर ठेवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते. तिच्या अलीकडच्या वर्षांच्या आकड्यांनुसार वर्षाला शंभरात एक ते दोन डिस्क बंद पडतात. आपल्याकडे धूळ, दमट हवा आणि विजेचा लपंडाव यांची भर पडते.

यासाठी डिस्क चालू असताना हलवू नये. काम झाल्यावर संगणकावरील ‘इजेक्ट’ ही सूचना देऊन मगच वायर काढावी. वीज ये-जा करत असेल त्या दिवशी नक्कल करण्याचे काम हाती घेऊ नये किंवा चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करावे. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. वर्षातून दोन-तीनदा ती चालू करावी; वापराविना पडून राहिलेली डिस्कही कधी कधी सुरू होत नाही.

एस.एस.डी. नावाची दुसरी डिस्क अलीकडे मिळते. तिच्यात फिरती तबकडी नसते, त्यामुळे पडण्याचे भय कमी आणि वेग फार अधिक. पण ती पेनड्राइव्हचीच सुधारित जात आहे आणि विद्युतभार गळण्याची खोड तिच्यातही आहे. या उद्योगाच्या मानकानुसार, लिहिण्याची ठरलेली क्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एस.एस.डी.ने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा असते. नवी असताना ती यापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. तरीही महागडी एस.एस.डी. घेऊन ती तिजोरीत बंद करून ठेवणे हा तिचा उपयोग नव्हे. रोजच्या कामाला ती उत्तम, साठवणीला साधी हार्ड डिस्क पुरते.

सी.डी. आणि डी.व्ही.डी.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो फोटोग्राफर डी.व्ही.डी.वर देत असे. तुमच्याही कपाटात त्या असतील. डी.व्ही.डी.वर ४.७ जी.बी. मावतात आणि एकदाच लिहिता येणाऱ्या डी.व्ही.डी.वरील फोटो व्हायरसला पुसता येत नाहीत, हा तिचा गुण. परंतु तिच्यातील रंगद्रव्याचा थर ऊन आणि दमटपणाने खराब होतो. त्याहून मोठी अडचण ती वाचणाऱ्या यंत्राची आहे. नव्या लॅपटॉपमध्ये हे यंत्र सहसा नसते. फ्लॉपीचे असेच झाले. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ एम.बी. मावत, आजच्या मोबाइलचा एक फोटोही तिच्यावर बसणार नाही. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली आणि घरी लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन २०२५ मध्ये बंद केले. तेव्हा नवी नक्कल या साधनावर करू नये. ज्या जुन्या डी.व्ही.डी. घरात आहेत त्या, यंत्र असलेला संगणक तालुक्याला मिळतो आहे तोवर, हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हे काम या वर्षीच करावे.

इंटरनेटवरील साठवण

याला क्लाउड म्हणतात, पण आभाळाशी त्याचा संबंध नाही. दूरच्या शहरातील कंपनीच्या इमारतीत असलेल्या डिस्कवर आपले फोटो राहतात आणि कंपनी स्वतःच त्यांच्या अनेक नकला ठेवते. घराला आग लागली, मोबाइल चोरीला गेला तरी फोटो मिळतात. एवढा एकच गुण तिला इतर साधनांच्या पुढे नेतो.

अडचणीही समजून घ्याव्यात. गुगलच्या एका खात्याला १५ जी.बी. जागा मोफत असते आणि ती ईमेल, ड्राइव्ह व फोटो यांत मिळून वाटली जाते. किंचित कमी दर्जाचे फोटो अमर्याद मोफत ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरल्यावर नवे फोटो चढायचे थांबतात आणि मोबाइल तशी सूचना देतो. ती सूचना आपण जाहिरात समजून बाजूला सारतो. अनेकांचे फोटो गेल्या दोन-तीन वर्षांपासून चढलेलेच नसतात. आजच आपल्या गुगल फोटोज ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातील चित्रावर बोट ठेवून ‘बॅकअप’ पूर्ण आहे का ते पाहावे.

दुसरी बाब अधिक नुकसानकारक आहे. मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी गुगल फोटोज ॲपमधून फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही पुसला जातो. बॅकअप झालेला पुसलेला फोटो ॲपच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, नंतर कायमचा जातो. फक्त मोबाइलमधील प्रत काढायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हीच सूचना वापरावी. दोन वर्षे खाते अजिबात वापरले नाही तर ते बंद करून आतील सामग्री पुसण्याचा नियमही गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे.

आणि खाते उघडले कोणी? पुष्कळ घरांत ते पुतण्याने किंवा मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेले असते, पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड कधीच बंद पडलेले असते. बंद पडलेला क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते. खात्याचे नाव, पासवर्ड आणि जोडलेला क्रमांक घरातील कागदपत्रांच्या पेटीत एका कागदावर लिहून ठेवावा. कागदाला हसू नये. या कामी तोच सर्वांत भरवशाचा.

कोणती साधने, कोठे ठेवावीत?

छायाचित्रकारांमध्ये ३-२-१ असा एक नियम रूढ आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो सांगितला. फोटोच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. यातील शेवटचा भाग आपण सोडून देतो, आणि आपल्याकडे तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कृष्णा-पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीकाठी आणि मराठवाड्यात तेच झाले. अशा वेळी माणसे आणि जनावरे बाहेर काढली जातात. कपाटातील पेनड्राइव्ह आणि त्याच कपाटातील डिस्क एकाच पाण्यात बुडतात. घरात तीन नकला ठेवून पुराच्या दृष्टीने उपयोग एकीचाच होतो.

ज्यांचे फोटो दहा हजारांच्या आत आहेत त्यांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे ६४ जी.बी.चे पेनड्राइव्ह घ्यावेत, एक घरी व एक लेकीच्या किंवा बहिणीच्या गावी ठेवावा, आणि दिवाळीला माहेरपणाला येताना ती घेऊन आली की नव्याने भरून द्यावा. शिवाय निवडक महत्त्वाचे फोटो गुगलच्या मोफत जागेत चढवावेत. फोटो याहून बरेच अधिक असतील तर एक हार्ड डिस्क घरी आणि दुसरी, किंवा क्लाउडवरील विकतची जागा, घराबाहेर असे करावे. एकाच पैशात एक मोठी डिस्क की दोन लहान असा प्रश्न पडला तर दोन लहान घ्याव्यात.

घरातील वडीलधाऱ्यांचे आणि लग्नकार्याचे वीस-पंचवीस फोटो स्टुडिओतून कागदावर छापून घ्यावेत. त्यांना पाहायला वीज लागत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही नक्कल नव्हे

मित्राला किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला म्हणजे फोटो राहिला, असे समजू नये. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, त्यामुळे पानावरील ठिपक्यांचा बारकावा जातो. आणखी एक गोष्ट जाते. मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोच्या फाइलमध्ये दिनांक, वेळ आणि लोकेशन चालू असल्यास जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. पाठवलेल्या फोटोतून ही नोंद निघून जाते. नुकसान दाखवण्यासाठी मूळ फाइलच जपावी. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ या पर्यायाने पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी ॲपमधून उभ्या पिकाचा फोटो घ्यावा लागतो. त्याच वेळी मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यानेही एक फोटो काढून आपल्याजवळ ठेवावा.

उगवण तपासणी

पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आपण उगवण तपासतो. त्याच आठवड्यात फोटोंचीही तपासणी करावी. पेनड्राइव्ह किंवा डिस्क दुसऱ्या मोबाइलला अथवा संगणकाला लावून वेगवेगळ्या वर्षांचे शंभर फोटो उघडून पाहावेत. नुसती छोटी चित्रे दिसली म्हणजे फोटो शाबूत आहे असे होत नाही. तो पूर्ण उघडला पाहिजे. सोयाबीनला सत्तर टक्के उगवण चालते, येथे एकही फोटो न उघडणे म्हणजे साधन बदलण्याची वेळ आली असे धरावे आणि दुसऱ्या प्रतीवरून त्याच दिवशी नवी नक्कल करावी. काहीच बिघडले नसले तरी पेनड्राइव्ह आणि डिस्क पाचेक वर्षांनी नव्या घ्याव्यात.

फोल्डरला नाव देताना वर्ष, हंगाम, गट क्रमांक व पीक लिहावे, जसे ‘२०२५ खरीप गट ११२ तूर’. पाच वर्षांनी हजारो फोटोंतून एक शोधताना याचा उपयोग कळतो.

जुना मोबाइल विकण्याचा किंवा बदलून घेण्याचा विचार असेल तर दुकानात जाऊन नक्कल करत बसू नये. आदल्या आठवड्यात घरी नक्कल करावी, ती दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहावी, मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि मगच मोबाइल ‘फॅक्टरी रीसेट’ करून दुकानदाराच्या हाती द्यावा.